पारा आणि परीस

माझ्या अभ्यासिकेतील काचेच्या कपाटात काळ्या दगडाचा एक खल आहे. होडीसारखा लांबट, आणि वर्षानुवर्षांच्या घर्षणाने आतून आरशासारखा गुळगुळीत झालेला. घरी येणारे स्नेही तो पाहून विचारतात, 'आपल्या घराण्यात वैद्यकी होती वाटते?' आणि मीही कित्येक वर्षे मान डोलावून तो विषय तेथेच संपवीत असे. ते उत्तर सरळ खोटे नव्हते, इतकेच त्याचे समर्थन. वस्तुस्थिती अशी की, या खलात माझ्या आजोबांनी सुमारे बारा वर्षे पारा घोटला, आणि त्या पाऱ्याचे सोने करण्याच्या नादात आमचे पाच एकर काळे वावर आणि आजीच्या अंगावरचे बहुतेक दागिने घालविले.

तेल्हारा हे आमचे मूळ गाव. अकोला जिल्ह्याच्या उत्तर अंगाला, सातपुड्याच्या पायथ्याजवळ ते वसले आहे. उत्तरेस डोंगराची निळी रेघ, भोवती कपाशीची काळी जमीन, आणि दक्षिणेस पूर्णेकडे जावे तो विहिरींचे पाणी खारट होत जाणारे, असा तो मुलूख. आजोबा तेथील एका जिनात काट्यावर कारकून होते. शेतकऱ्यांच्या गाड्या यावयाच्या, कापूस तोलला जावयाचा, आणि आजोबांनी आपल्या वळणदार मोडीत वजन टिपून घ्यावयाचे. काट्यावरचा माणूस दोन्ही बाजूंच्या संशयाचा धनी असतो. पण आजोबांच्या वजनाविषयी गावात कोणी कधी तक्रार केली नाही, असे जुनी माणसे सांगत. १९४० च्या सुमारास सातपुड्यातून उतरलेला एक बैरागी चातुर्मासापुरता गावाबाहेरच्या देवळात राहिला. त्याने आजोबांना पाऱ्याची विद्या दिली, आणि त्याबरोबर एक शपथही घातली. ही विद्या चार डोळ्यांनी पाहावयाची, सहा डोळ्यांनी पाहिली की ती निष्फळ होते. बैरागी गेला. शपथ मात्र आमच्या घरात राहिली.

वाड्याच्या मागच्या बाजूस कडब्याची खोली होती, ती रिकामी करून आजोबांनी तेथे भट्टी घातली. खिडकीला आतून गोणपाट ठोकले, दाराला कडी लावली. पारा, गंधक, हरताळ, मोरचूद, नवसागर हे जिन्नस अकोल्याहून येत. दिवसा जिनातले काम आणि रात्री गोवऱ्यांच्या आगीपुढे भाता, असा क्रम १९५२ पर्यंत चालला. मी त्यांना पाहिले ते बऱ्याच नंतर, त्यांच्या उतारवयात. तोपर्यंत भट्टी कधीच विझली होती. माझ्या आठवणीतले आजोबा म्हणजे ओसरीच्या कोपऱ्यात बसलेला, कोणी अनोळखी आले की आत निघून जाणारा, क्षुल्लक कारणाने संतापणारा आणि लगेच ओशाळणारा एक कृश म्हातारा. चहाची बशी त्यांना धरवत नसे. ती आजी धरी. गावात म्हणत की, हा विद्येचा कोप. अपात्र माणसाने रसदेवतेला हात लावला, तिने त्याचे हात घेतले. १९८१ साली ते वारले, तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. आजीने त्या सगळ्या प्रकरणाचा हिशोब एका वाक्यात मांडला होता, तो मला तिच्याच बोलीत आठवतो : "घरात होतं ते सोनं त्याईनं मातीत घातलं, मातीचं सोनं काई झालं नाई."

पुढे मी रसायनशास्त्र शिकलो आणि तेच शिकवू लागलो. पदवीच्या पहिल्या वर्गाला पहिले व्याख्यान देताना मी दरवर्षी एक गोष्ट सांगे. वऱ्हाडातल्या एका खेड्यात एक गृहस्थ होते, त्यांनी पाऱ्याचे सोने करण्यापायी घरदार धुळीस मिळविले. मुले हसत. मग मी गंभीर होऊन म्हणे की, किमया जेथे संपते तेथे रसायनशास्त्र सुरू होते. लाव्हाझिएने तराजू हाती घेतला आणि भोंदूगिरीचा अंमल संपला. ते गृहस्थ कोण, हे मी कधीही सांगितले नाही. वीस वर्षे मी माझ्या आजोबांचे नाव न घेता त्यांच्यावर मुलांना हसविले, हे आज लिहिताना लेखणी अडखळते. परंतु ते लिहिल्यावाचून पुढचे लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझी ही समजूत पहिल्यांदा हलली ती एका शब्दाने. 'किमया' हा शब्द मराठीत अरबीतून आला. त्याच अरबी 'अल्-कीमिया'चे लॅटिनमधून युरोपात गेलेले रूप म्हणजे 'अल्केमी', आणि त्या रूपाची आरंभीची अक्षरे गळून झालेले 'केमिस्ट्री'. म्हणजे माझ्या विषयाचे इंग्रजी नाव आणि माझ्या आजोबांच्या वेडाचे मराठी नाव ही एकाच शब्दाची दोन रूपे ठरली! मराठी नावाची गोष्ट तरी कोठे निराळी आहे? 'रसायन' हा शब्द आपण आयुर्वेदाकडून आणि रससिद्धांकडून घेतला. महाविद्यालयाच्या दारावर रसायनशास्त्र विभाग अशी पाटी लावताना ती कोणाच्या उसन्या अक्षरांनी लिहिली आहे, याचा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता.

त्यानंतर न्यूटनविषयी केन्स या अर्थशास्त्रज्ञाने लिहिलेला निबंध वाचनात आला. १९३६ साली लंडनमध्ये न्यूटनच्या खाजगी कागदपत्रांचा लिलाव झाला. त्यातील पुष्कळसे कागद १८८८ साली केंब्रिज विद्यापीठाने, शास्त्रीयदृष्ट्या निरुपयोगी म्हणून, त्यांच्या वारसदारांना परत केले होते. केन्सने त्यांपैकी शक्य तेवढे मिळविले, वाचले, आणि तो चकित झाला. गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणाऱ्या या पुरुषाने किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवले होते. केंब्रिजमधील आपल्या बिऱ्हाडाशेजारी त्याची भट्टी होती. तीवर तो रात्रीच्या रात्री जागत असे. बुद्धियुगाचा पहिला पुरुष म्हणून आपण ज्याला वंदन करतो तो वस्तुतः मांत्रिकांच्या परंपरेतला शेवटचा होता, असा केन्सचा निष्कर्ष. केन्स १९४६ च्या एप्रिलमध्ये वारला, आणि त्याचा हा निबंध त्याच वर्षी न्यूटनच्या त्रिशताब्दीच्या समारंभात त्याच्या भावाने वाचून दाखविला. तो वाचून होताच मला पहिल्या वर्गातले माझे व्याख्यान आठवले. मुलांना हसविण्यासाठी मी न्यूटनची गोष्ट सांगितली नव्हती, तेल्हाऱ्याच्या कारकुनाची सांगितली होती.

न्यूटनच्या कागदांत एका लहानशा ग्रंथाचे त्याने स्वतः केलेले इंग्रजी भाषांतर आहे. त्या ग्रंथाला पाचूची पाटी म्हणतात. तो हर्मीस ट्रिस्मेजिस्टस, म्हणजे त्रिवार महान हर्मीस, या मिसरी ऋषीचा म्हणून मानला जाई. या ऋषीच्या नावावरून त्या साऱ्या विचारपरंपरेला हर्मेटिक हे नाव पडले. फ्लॉरेन्सच्या कोझिमो द मेदिची याच्या हाती या नावाचे ग्रीक हस्तलिखित आले, तेव्हा त्याने आपल्या पदरच्या फिचीनो या पंडिताला प्लेटोचे भाषांतर बाजूस ठेवून आधी हे करण्यास सांगितले. मरणापूर्वी त्याला ते वाचावयाचे होते. १४६३ साली भाषांतर झाले, पुढल्या वर्षी कोझिमो वारला, आणि १४७१ मध्ये तो ग्रंथ छापला गेला. हा हर्मीस मोझेसइतका प्राचीन, असा तेव्हाच्या विद्वानांचा समज होता. १६१४ साली कासोबाँ या भाषापंडिताने त्यातील शब्द आणि विचार तपासून दाखविले की, हे ग्रंथ ख्रिस्तोत्तर काळातले आहेत. पण मधल्या दीडशे वर्षांत त्यांनी आपले काम केले होते. कोपर्निकसने १५४३ च्या आपल्या ग्रंथात सूर्य विश्वाच्या मध्यभागी बसविला, तेव्हा साक्षीला याच ट्रिस्मेजिस्टसचे नाव घेतले. फ्रान्सिस येट्स या विदुषीने १९६४ साली ब्रूनोवरील आपल्या ग्रंथात असे प्रतिपादले की, सृष्टी ही नुसती पाहावयाची नसून हाताळावयाची व बदलावयाची आहे, ही उमेद युरोपच्या मनात या परंपरेने जागविली. पुढील अभ्यासकांनी हे मत अतिशयोक्त ठरविले, आणि मलाही ते जसेच्या तसे मानवत नाही. तथापि भट्टीपुढे बसणाऱ्याला सृष्टीपुढे हात जोडून चालत नाही, तिला प्रश्न विचारावा लागतो, एवढे त्यातून निश्चित घेता येते. १६६९ साली हॅम्बुर्गचा ब्रांट हा मूत्र आटवून सोने शोधावयास गेला आणि त्याला फॉस्फरस सापडला. शोधावयास जावे एक आणि हाती लागावे दुसरे, हा प्रकार आमच्या शास्त्रात अजून संपलेला नाही.

या परंपरेचे तत्त्वज्ञान एका सूत्रात येते. वर जे आहे तेच खाली आहे, विश्व आणि मनुष्य हे एकमेकांचे आरसे आहेत. हे वाचून मराठी माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. 'पिंडी ते ब्रह्मांडी' हे तर आमच्या आज्या जाते ओढताना बोलत. मी याचा अर्थ असा करीत नाही की, हे आमच्याकडून तिकडे गेले किंवा तिकडून इकडे आले. दोन नद्यांचे पाणी सारखे दिसले म्हणजे उगम एकच, असे म्हणण्याची घाई आपल्याकडे फार होते. पाचूची पाटी आज ज्ञात आहे ती अरबी ग्रंथांतून. आणि आमची रसविद्या तंत्रमार्गाच्या व सिद्धांच्या घरात वाढली. मात्र दोघींनी मागितलेली वस्तू एकच होती. जो विधी हिणकस धातूला शुद्ध करतो तोच नश्वर देहाला अजर करील. आमचे रसग्रंथ लोहवेध आणि देहवेध असे दोन शब्द वापरतात. आधी पारा लोहावर पारखावा, तेथे उतरला तर देहावर योजावा. सोने हे त्यांच्या दृष्टीने साध्य नव्हते, ती परीक्षा होती. चौदाव्या शतकात माधवाचार्यांनी 'सर्वदर्शनसंग्रहा'त रसेश्वरदर्शन म्हणून एक स्वतंत्र प्रकरण घातले आणि भट्टीपुढच्या माणसांना वेदान्त्यांच्या व नैयायिकांच्या पंक्तीत पाट मांडून दिला. या ग्रंथाची पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९२४ साली काढलेली, म. म. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांच्या टीकेसह असलेली आवृत्ती आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात होती. रसायनशास्त्राच्या प्राध्यापकाने ती उघडावी, असे मात्र कोणास वाटले नव्हते. मला तर नाहीच.

या परंपरेचा मूळ पुरुष नागार्जुन. नावे एकच असलेल्या निरनिराळ्या कालच्या पुरुषांच्या कथा त्याच्याभोवती गुंतल्या आहेत. युआन श्वांग हा चिनी प्रवासी सातव्या शतकात लिहितो की, राजाने डोंगरात विहार कोरण्यास घेतला, खजिना संपला, तेव्हा नागार्जुनाने दगडांवर रस शिंपून त्यांचे सोने केले. तिबेटी परंपरा सांगते की, दुष्काळात नालंदेच्या भिक्षूंना जेवू घालण्यासाठी तो सुवर्णसिद्धी शिकला. तिच्याच मते त्याचा जन्म विदर्भात झाला. रामटेकजवळ त्याच्या नावाची टेकडी आजही दाखवितात. अल्-बिरुनी अकराव्या शतकात या विद्येची थट्टा करतो, आणि आपल्या आधी शंभर वर्षांच्या सुमारास सोमनाथजवळ होऊन गेलेल्या एका नागार्जुनाचाही उल्लेख करतो. या कथांत एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. विदर्भाच्या या पुत्राने केलेले सोने विहारासाठी आहे, भुकेल्यांसाठी आहे. त्याच्या स्वतःच्या घरासाठी नाही. बैराग्याने आजोबांना नागार्जुनाचे नाव नक्कीच सांगितले असेल. हा भाग सांगितला होता की नाही, कोण जाणे.

बंगालचे आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ आणि १९०९ साली दोन खंडांत हिंदू रसायनशास्त्राचा इतिहास लिहिला. स्वतः पाऱ्याच्या एका नव्या संयुगाने नाव मिळविलेला हा शास्त्रज्ञ रससिद्धांच्या पोथ्या चाळीत बसला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्यांनी ज्याचा विशेष उपयोग केला तो 'रसरत्नसमुच्चय' पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९० साली छापला होता. त्या ग्रंथात रसक नावाच्या खनिजापासून जस्त काढण्याची रीत आहे. जस्ताची अडचण अशी की, धातू मोकळा होतो त्या उष्णतेला तो वाफ होऊन उडून जातो, आणि हवा लागली की पुन्हा राख होतो. म्हणून ग्रंथकार वांग्याच्या आकाराची मूस उलटी बसवून वाफ खाली पाण्यात उतरवावयास सांगतो. उदयपूरजवळ जावर येथील जुन्या खाणींत १९८० नंतरच्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा अशाच वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी भट्टीत ओळीने लावलेल्या मिळाल्या. इंग्लंडात चँपियनने जस्त गाळण्याच्या रीतीचे पेटंट घेतले ते १७३८ साली. जावरच्या भट्ट्या त्यापूर्वी काही शतके पेटल्या होत्या. पोथीतले सोने कोणास मिळाले नाही, पण पोथीतले जस्त खरे निघाले.

मग एवढी हातोटी असून आमच्याकडे त्यातून शास्त्र का उभे राहिले नाही, आणि तिकडे का राहिले? या प्रश्नाचे उत्तर देशाभिमानाने किंवा देशाच्या निंदेने देणे सोपे आहे. मला ते न्यूटनच्याच चरित्रात दिसते. १६६० साली लंडनमध्ये रॉयल सोसायटी स्थापन झाली, १६६५ पासून तिच्या वतीने प्रयोगांचे वृत्तांत छापून येऊ लागले. न्यूटनने प्रकाशाविषयीचा आपला निबंध १६७२ साली तेथे दिला. लोकांनी तो वाचला, आक्षेप घेतले, भांडणेही झाली. १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया' निघाला. साऱ्या युरोपने तो ताडून पाहिला. किमयेचे कागद मात्र त्याने कुलुपात ठेवले, कारण त्या विद्येची आज्ञाच तशी होती. परिणाम काय झाला? त्याच माणसाच्या त्याच बुद्धीतून निघालेले जे उजेडात आले ते शास्त्र झाले, आणि जे पेटीत राहिले ते अडीचशे वर्षांनी लिलावात विकले गेले. आमच्याकडेही अपवाद होते. 'रसेंद्रचिंतामणि'चा कर्ता बजावून सांगतो की, ऐकलेले वा वाचलेले पुष्कळ आहे, पण जे मी स्वहस्ते करून पाहिले नाही ते मी लिहीत नाही. असे बाणेदार पुरुष होते. त्यांचे शब्द दुसऱ्याने पडताळावे अशी सभा नव्हती. आमच्या विद्येला बुद्धी कमी पडली नाही, तिला खिडकी मिळाली नाही.

खिडकी हा शब्द मी अलंकार म्हणून वापरलेला नाही. प्रयोगशाळेत एखादी काचेची नळी हवेचा कणही जाऊ नये अशी वितळवून बंद करतात, तिला आम्ही आजही 'हर्मेटिक' मोहोर म्हणतो. किमयागारांच्या परिभाषेतून राहून गेलेला हा शब्द आहे. तो मी विद्यार्थ्यांना शेकडो वेळा सांगितला असेल. पण गोणपाट ठोकलेली ती तेल्हाऱ्याची खोलीच एक मोहोरबंद पात्र होती, आणि त्या पात्रात पाऱ्याबरोबर माझे आजोबा होते, हे माझ्या ध्यानात फार उशिरा आले. पारा साध्या उष्णतेलाही थोडा थोडा उडत असतो. भट्टीवर तर विचारावयासच नको. त्या वाफेला रंग नाही, वास नाही. ती वर्षानुवर्षे श्वासावाटे गेली म्हणजे हिरड्या सुजतात, हातांना कंप सुटतो, स्मरण कमी होते, आणि माणूस विलक्षण बुजरा व चिडखोर होतो. ही लक्षणे मी एका परदेशी ग्रंथात एका रात्री वाचली. वाचता वाचता ओसरीचा तो कोपरा, आत निघून जाणारी ती आकृती आणि आजीने धरलेली ती बशी माझ्यासमोर उभी राहिली. पुस्तक मिटून मी बराच वेळ बसून राहिलो. रसदेवतेचा कोप तो हाच. जी शपथ विद्येच्या रक्षणासाठी म्हणून घातली होती, तिनेच खिडकी बंद ठेवली, आणि बंद खिडकीने माणूस खाल्ला.

येथेही न्यूटनची संगत सुटत नाही. १६९३ साली त्याला काही काळ बुद्धिभ्रमासारखे झाले, स्नेह्यांना त्याने भलतीसलती पत्रे लिहिली. १९७९ साली त्याच्या जपून ठेवलेल्या केसांची परीक्षा झाली, तीत पारा पुष्कळ आढळला. त्या आजाराचे कारण पाराच, असे सर्व विद्वान मानीत नाहीत. तो नंतर बरा झाला, टांकसाळीचा अधिकारी झाला, खोटी नाणी पाडणाऱ्यांना शासन करू लागला, आणि १७२७ साली चौऱ्याऐंशी वर्षांचा होऊन वारला. आजोबांच्या केसांची परीक्षा कोणी करणार नव्हते. पण रोग ओळखल्याने एक झाले. आमच्या घरावरचा शाप उतरला आणि त्या जागी एक विषबाधा आली. शापाला उपाय नसतो. विषबाधेला निदान सावधपण असते. १९३ आयुर्वेदिक औषधांची तपासणी २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाली, तीत सुमारे पंचमांशांत शिसे, पारा वा सोमल यांपैकी काही ना काही सापडले होते. पारा प्राचीन पोथीतला आहे एवढ्याने तो निर्विष होत नाही, आणि 'शोधित' या शब्दाची परीक्षा पोथीत नव्हे, प्रयोगशाळेत व्हावी लागते.

साहित्याचा विचार करताना तर मला आजीचेच मत ऐकू येते. इंग्रजीत बेन जॉन्सनने १६१० साली किमयागारावर नाटक लिहून लोभी माणसांची टर उडविली, जर्मनीत गट्येने फाउस्टच्या रूपाने ज्ञानाच्या तृषेला सैतानाशी करार करावयास लावले. मराठी वाङ्मयाने तिसरी वाट धरली. आमच्या संतांना परीस फार प्रिय, पण उपमेपुरता. प्रत्यक्ष परिसाची गोष्ट आली की, तो नदीत जातो. पंढरपूरच्या परिसा भागवताजवळ परीस होता. त्याच्या बायकोने तो दया येऊन नामदेवाच्या घरी दिला. नामदेवाने तो चंद्रभागेत फेकला, आणि मागणी होताच पाण्यातून ओंजळभर खडे काढून म्हटले, यांतला तुझा ओळखून घे; तर सगळेच परीस! 'नवनाथ भक्तिसारा'त गोरक्षनाथ गुरूच्या झोळीतली सोन्याची वीट अशीच फेकून देतो. ही पोथी आजी दर श्रावणात वाची. ओसरीवर आजोबा ऐकत असत. तो अध्याय आला की तिचा आवाज चढे, असे मला आता उगीच वाटते.

तीन वर्षांपूर्वी वाडा पाडावयाचा ठरला, तेव्हा खलाबरोबर एक मोडी चोपडी हाती आली. मोडी मला येत नव्हती; ती शिकण्यात एक उन्हाळा गेला. चोपडीत मंत्रतंत्र असतील अशी माझी अपेक्षा होती. निघाले ते काट्यावरच्या कारकुनाचे रोजकीर्द. तिथी, पाऱ्याचे वजन, गंधकाचे वजन, किती घटका आग, उतरल्यावर वजन किती, घट किती. तोळे, मासे आणि गुंजा. प्रत्येक नोंदीच्या शेवटी दोन शब्द, 'सिद्ध नाही'. बारा वर्षांत चारशेंवर वेळा त्यांनी ते दोन शब्द लिहिले आहेत. त्यांना कोणी पाहत नव्हते. एखादी नोंद त्यांना सहज फुगविता आली असती, निदान स्वतःच्या समाधानासाठी. पण त्यांनी एक गुंजही इकडची तिकडे केलेली नाही. शेवटची नोंद १९५२ सालची आहे : 'हात कापतो. वजन बरोबर घेता येत नाही. आता पुरे.' पैसे संपले म्हणून, लोक हसतात म्हणून, किंवा देव कोपला म्हणून त्यांनी भट्टी विझविली नाही. तोल खरा राहिना, म्हणून विझविली. लाव्हाझिएने हाती घेतलेला जो तराजू मी वीस वर्षे मुलांना दाखवीत होतो, तो आमच्या कडब्याच्या खोलीत होता.

परंतु यावरून आजोबांना शास्त्रज्ञ ठरविण्याचा मोह मी आवरला पाहिजे. आपल्या लोकांची ही हौस मला ठाऊक आहे. एकदा हसून झाले की आपण आरती करू लागतो. त्यांचा प्रश्नच त्यांच्या भट्टीच्या आवाक्याबाहेरचा होता. पाऱ्याचे सोने होत नाही असे नाही. १९४१ साली हार्वर्डच्या शास्त्रज्ञांनी वेगवान न्यूट्रॉनांचा मारा करून पाऱ्याचे सोने केले. आजोबांचा खल तेव्हा जोरात चालला होता. पण ते सोने किरणोत्सर्गी होते, आणि थोड्याच दिवसांत त्याचा पुन्हा पारा झाला. दगडाच्या खलात आणि गोवऱ्यांच्या आगीत अणूचा गाभा हलत नाही. शिवाय पाच एकर वावर गेले ते गेलेच. माझ्या आत्यांची लग्ने कर्जाने झाली, वडिलांचे शिक्षण मॅट्रिकवर थांबले, आणि ज्या आजीने बशी धरली तिच्या हातात शेवटपर्यंत काचेच्याच बांगड्या होत्या. ज्ञानाच्या ध्यासाची किंमत ध्यास घेणाराच देतो असे नाही. ती पुष्कळदा शेजारच्या खोलीत झोपलेल्या माणसांकडून वसूल होते. आजीचे ते एक वाक्य चोपडीतल्या चारशे नोंदींइतकेच खरे आहे, आणि त्या दोहोंतले एक खोडून दुसरे ठेवण्याचा अधिकार मला नाही.

यंदा पहिल्या वर्गात मी नेहमीची गोष्ट सांगितली. मुले नेहमीप्रमाणे हसली. मग मी सांगितले की, ते गृहस्थ माझे आजोबा. वर्ग एकदम शांत झाला. मागच्या बाकावरच्या एका मुलीने थोड्या वेळाने विचारले, "सर, मग त्यांचं नेमकं चुकलं काय?" मी तिला चोपडीविषयी सांगितले, न्यूटनच्या पेटीविषयी सांगितले, आणि गोणपाटाच्या खिडकीविषयी सांगितले. तास संपला तरी बोलणे संपले नव्हते.

दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत पारा उरला असण्याचा संभव असतो, म्हणून खल काचेच्या कपाटातच राहील. चोपडीचे बाळबोध लिप्यंतर आता पुरे होत आले आहे. ते महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, कोणालाही काढून पाहता येईल अशा उघड्या फळीवर ठेवण्याचा माझा विचार आहे.